शाल्मलीची चाळीस पावलं

यंत्राने सहा जणांच्या नोंदींत सातवा माणूस दाखवला, तेव्हा अच्युत वर्तकांनी आधी स्वतःलाच दोष दिला. ही त्यांची जुनी सवय होती. घरातला दिवा लागला नाही तरी बल्ब बघण्याआधी ते आपलं काय चुकलं असेल याचा विचार करत बसत. तोवर त्यांची बायको मंजिरी, जिला धड दिसत नव्हतं ती, चाचपडत जाऊन मेन स्विच वर करून येई.

सतरा फेब्रुवारी, सकाळचे साडेअकरा. गढवालमधल्या गैरधार नावाच्या उतारावर लख्ख ऊन पडलं होतं. उन्हाळ्यात इथे मेंढ्या चरतात. हिवाळ्यात बर्फ पडला तर पडतो, अलीकडे बहुतेकदा तो यंत्रांनी फवारावा लागतो. उताराच्या पायथ्याशी एक लाकडी खोली होती. तिच्यात वर्तकांचे संगणकाचे तीन पडदे, एक हीटर आणि पुण्याहून आणलेला चिवड्याचा डबा. वर सहा जण स्कीइंगचा सराव करत होते, तीन मुली आणि तीन मुलगे. त्यांच्यातली एक मुलगी आणि एक मुलगा हिवाळी खेळांसाठी निवडला जाणार होता. निवडीची शर्यत दोन मार्चला होती. त्या तीन मुलींतली एक शाल्मली, वर्तकांची एकुलती एक लेक.

यंत्र म्हणजे काय, ते थोडक्यात सांगायला हवं. प्रत्येकाच्या अंगावर, घोट्यांपासून हेल्मेटपर्यंत, अकरा बटणं असत. आकाराने कोटाच्या बटणाएवढीच. बसने ब्रेक मारला की डोळे मिटलेले असले तरी आपल्याला कळतं, बस वळली तरी कळतं, कारण कानाच्या आतला एक इवलासा अवयव ते सांगत असतो. प्रत्येक बटणात तसाच एक बनावट कान होता. वेग किती वाढला, किती घटला, अंग कुठल्या बाजूला किती फिरलं, हे तो सेकंदाला चारशे वेळा कळवी. अकरा कानांचं म्हणणं एकत्र जुळवलं की उतरणाऱ्याचा सांगाडा पडद्यावर उभा राही. गुडघा किती वाकला, स्कीची धार बर्फात किती रुतली, वळताना वजन बाहेरच्या पायावर केव्हा गेलं, सगळं दिसे. यातलं 'केव्हा' सगळ्यात महत्त्वाचं. तिथे सेकंदाचा विसावा भाग चुकला तरी शर्यत गेली.

इथवरचं इतरांनीही केलेलं होतं. वर्तकांनी त्यात दोन गोष्टींची भर घातली. सहाही जणांच्या उत्तम वळणांमधून यंत्र स्वतःच एक नमुना रची आणि रोज तो सुधारत नेई. आणि घोट्यांपर्यंत येणाऱ्या अंगभर बनियनच्या आत बारीक थरथरणाऱ्या चकत्या शिवलेल्या होत्या. अंग नमुन्यापासून ढळलं की नेमकी तिथली चकती थरथरे आणि मनात विचार यायच्या आत शरीर स्वतःला सुधारून घेई. मुलं त्या थरथरीला गुदगुली म्हणत. "आज मला फार गुदगुल्या झाल्या" याचा अर्थ आज माझ्या फार चुका झाल्या.

कपडे बदलायच्या खोलीत बनियनांची-बटणांची अदलाबदल होते म्हणून वर्तकांनी यंत्राला आणखी एक गोष्ट शिकवली होती. हस्ताक्षरावरून आपण पत्र कोणाचं ते ओळखतो, तसं हालचालीवरून उतरणारा कोण आहे ते ओळखायचं आणि नोंदीला त्याचं नाव लावायचं. महिनाभर यंत्र एकदाही चुकलं नव्हतं. आज सकाळच्या शेवटच्या फेरीत मात्र पडद्यावर एकही नाव नव्हतं. सहा नोंदी होत्या आणि सहाहींपुढे एकच शेरा होता : अनोळखी, क्रमांक सात.

वर्तकांनी बॅटऱ्या तपासल्या, घड्याळं तपासली, नोंदी पुन्हा वाचायला लावल्या. शेरा तोच आला. मग त्यांनी कानटोपी चढवली आणि ते बाहेर आले.

पायथ्याच्या कठड्याला टेकून खुशालसिंग बिष्ट चहा पीत होता. तो इथला सगळ्यात जुना शिक्षक. वय सहासष्ट. लष्करात असताना नऊ वर्षं खडकीला काढल्यामुळे त्याला मराठी येत असे. त्या मराठीत परेड मैदान आणि भाजीबाजार दोन्ही होते. बटणं लावायला त्याने पहिल्याच दिवशी साफ नकार दिला होता.

"बिष्टजी, आत्ताची ही शेवटची फेरी तुम्ही बघितलीत?"

"बघितली ना साहेब."

"काही वेगळं वाटलं?"

बिष्टने कपातला चहा गोल फिरवला. "वाईट नाही ना वाटणार?"

"नाही हो, सांगा."

"वरून सहा गेले. खाली एकच आला. सहा वेळा."

वर्तक हसले. बिष्ट हसला नाही.

"खोटं नाही बोलत. पोरांच्या टोप्या वेगळ्या, उंची वेगळी. पण उतरणारा एकच. आणि अजून एक. खाली येऊन थांबतो ना, की मान अशी करतो." बिष्टने मान डावीकडे वळवून खांद्यावरून मागे, वर उताराकडे पाहिलं. "सहाच्या सहा. हे तुमच्या मशीनने शिकवलं का?"

"नाही. थांबल्यावर गुदगुली बंदच होते."

"मग मागे काय बघतात? मी पण बघितलं साहेब. वर काही नाही."

वर्तक परत खोलीत आले आणि त्यांनी हेल्मेटमधल्या बटणाच्या नोंदी काढल्या. थांबल्यापासून सव्वा सेकंदाने मान डावीकडे, चाळीस अंश. सहाही जणांची. जानेवारीत ही लकब एकाचीही नव्हती. थोड्या वेळाने त्यांना कारणही सुचलं : नमुन्याचं शेवटचं वळण नेहमी उजवीकडे असतं, त्यात पिळलेला कणा उलटा सुटताना मान डावीकडे जात असावी. कारण पटण्यासारखं होतं. त्याने बरं मात्र वाटलं नाही.

*

खरी चूक त्यांना दुपारी सापडली.

बटणांमधल्या कानांना एक खोड असते. ते किंचित चुकतात आणि ती चूक साठत जाते, घड्याळ रोज एक सेकंद मागे पडत जावं तशी. म्हणून रोज सकाळी 'शून्य' घ्यायचं असतं. पावलं समांतर, तोंड दरीकडे, हात मोकळे, असं तीस सेकंद निश्चल उभं राहायचं. हे माझं सरळ उभं राहणं, बाकी सगळं याच्यापासून मोजा, असं जणू यंत्राला सांगायचं. पण उणे चौदा अंशांत तीस सेकंद फार मोठे होतात. आठव्या दिवशी लडाखची स्टॅन्झिन, एरवी थंडीला हसणारी मुलगी, तीही म्हणाली, "अंकल, बोटं गेली माझी." वर्तकांना अपराधी वाटलं. दुसऱ्याची गैरसोय त्यांना कधीच बघवत नसे. त्याच संध्याकाळी त्यांनी यंत्राच्या प्रोग्रॅममधल्या चार ओळी बदलल्या. आता शून्यासाठी उभं राहायला नको. आदल्या दिवशी माणूस जिथे जिथे सहज थांबला असेल, त्या थांबण्यांवरून यंत्र स्वतःच दुसऱ्या दिवसाचं शून्य काढेल. मुलांनी टाळ्या वाजवल्या. शाल्मलीने त्यांना मिठी मारली. आपण कोणाच्या तरी उपयोगी पडलो, असं वर्तकांना फार दिवसांनी वाटलं होतं.

त्यापाठोपाठ त्यांनी दुसरी सोय केली. मुलं बर्फावर दिवसातून जेमतेम तीन तास असत. उरलेल्या वेळात जुनी सवय शरीराला पुन्हा आपलंसं करी. म्हणून त्यांनी सांगितलं की बनियन दिवसभर अंगावर ठेवा. चालताना, जेवताना, जिने चढताना वजन कसं टाकायचं तेही गुदगुली शिकवील.

आता आकडे समोर मांडल्यावर त्यांना दिसलं ते असं. मुलं रोज थोडी थोडी नमुन्याकडे सरकत होती. त्यांच्याबरोबर त्यांचं शून्यही सरकत होतं. त्यामुळे यंत्राला रोज वाटे, कालच्यापेक्षा काही बदललेलं नाही. मोजपट्टीच माणसाबरोबर चालत होती. आणि नमुना तरी कोणाचा? तो या सहा जणांतल्या कोणाचाच नव्हता. सहा जणांनी मिळून एक सातवं माणूस घडवलं होतं आणि आता ते एकेकाच्या अंगात राहायला येत होतं.

पहिल्या आठ दिवसांची खरी शून्यं तेवढी शाबूत होती. शिवाय पहिल्या दिवशी प्रत्येकाला व्हरांड्यात चाळीस पावलं चालवून त्याची नोंद ठेवलेली होती. बाकीचे सगळे आकडे सरकत्या शून्यावर बसवलेले, म्हणजे निरुपयोगी.

*

संध्याकाळी पाच वाजता मंजिरीचा फोन आला. तो रोजच येई, वर्तक स्पीकर लावून पडद्यांकडे बघत बोलत.

मंजिरीची नजर बारा वर्षांपूर्वी गेली. डोळ्याच्या पडद्याचा आजार. उजेड कळतो, माणसाचा आकार कळतो, चेहरा कळत नाही. तेव्हापासून ती माणसं पावलांवरून ओळखे. सहकारनगरातल्या त्यांच्या इमारतीला लिफ्ट नाही आणि ते तिसऱ्या मजल्यावर राहतात. जिन्यावर पाऊल वाजलं की मंजिरी सांगे, कुरियरवाला आहे, खालच्या काळे वहिनी आहेत, तू आहेस. शाल्मलीचं पाऊल तर तिला फाटकापासून कळे. शाल्मली नऊ वर्षांची असताना स्केटिंगच्या रिंकवर पडली होती, उजव्या घोट्याचं हाड मोडलं होतं. हाड जुळलं, पण तेव्हापासून तिचं उजवं पाऊल इतकंसं उशिरा पडे आणि इतकंसं जोरात. टप्, आणि मग ठप्. बेल वाजायच्या आत मंजिरीने दार उघडलेलं असे. मायलेकींचा तो खेळच होता.

"चिवडा संपला का?" मंजिरीने विचारलं.

"अर्धा आहे."

"म्हणजे शालूला दाखवला नाहीयेस अजून." ती हसली आणि मधेच थांबली. "कोण आलंय रे तुझ्याकडे?"

शाल्मली नुकतीच आत आली होती. लाकडी फरशीवरून चालत ती हीटरपाशी जाऊन उभी राहिली होती.

"शालूच आहे," वर्तक म्हणाले.

"छे. शालू नाही ही. दुसरं कोणीतरी आहे."

"आई, मीच आहे अगं," शाल्मली म्हणाली.

पलीकडे मंजिरीने पंखा बंद केल्याचं ऐकू आलं.

"बूट बदललेस का गं?"

"नाही."

"मग फोनमध्येच काहीतरी असेल," मंजिरी म्हणाली. पण तिचा आवाज पडला होता.

पाचेक मिनिटं इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग दार वाजलं आणि स्टॅन्झिन आपली चार्ज झालेली बटणं घ्यायला आली. काही न बोलता टेबलापर्यंत आली, पुडी उचलली, निघून गेली.

"मघाचीच मुलगी ना ही?" मंजिरीने विचारलं. "पुन्हा येऊन गेली ती?"

शाल्मली हीटरपाशीच उभी होती. ती हललीसुद्धा नव्हती. वर्तकांनी तिच्याकडे बघायचं टाळलं.

*

"शालू, तुझं चालणं बदललंय," फोन ठेवल्यावर ते म्हणाले.

"बरंच झालं की. जवळजवळ लंगडतच होते मी."

"लंगडत नव्हतीस तू."

"बाबा!" ती कमरेवर हात ठेवून हसली. "नवव्या वर्षापासून कोण सांगतंय मला? शालू, उजवा पाय नीट टाक. शालू, लोक बघतात. आता टाकतेय नीट तर रडतोयस."

हे खरं होतं. मग त्यांनी तिला पडद्यावर सगळं दाखवलं. सहा रेषा, सुरुवातीला सहा दिशांना फाकलेल्या आणि मग हळूहळू एकमेकींवर बसून एकच झालेल्या. शाल्मली बघत राहिली. वेगळ्या वेळी तिने दहा प्रश्न विचारले असते.

"मी गुदगुली बंद करतो," ते म्हणाले.

"केव्हा?"

"आज. आत्ता."

"अजिबात नाही." तिचा आवाज चढला नाही, त्यामुळे ते जास्तच घाबरले. "बंद केलीस तर मी तिसरी येईन. तीन मुलींत तिसरी. मी कशी होते ते माहीत आहे मला, बाबा. सात वर्षं तीच होते मी."

"आईने तुला ओळखलं नाही."

"आईला समजावून सांगू. नवीन पाऊल शिकेल ती."

"शालू, तुझ्यातलं तुझं काय राहिलं ते मला मोजताच येत नाहीये. मोजपट्टीच नाही माझ्याकडे."

ती त्यांच्या शेजारी स्टुलावर बसली. "मग काय करायचं म्हणतोस?"

त्यांनी सांगितलं. पहिल्या दिवसाची चाळीस पावलं आहेत. तिची खरी, खऱ्या शून्यावरची. तोच नमुना धरायचा आणि यंत्र उलटं चालवायचं. गुदगुली तिला तिचंच चालणं परत शिकवील. दहाबारा दिवस पुरावेत.

"पुरावेत? म्हणजे तुला नक्की माहीत नाही."

"नाही."

"तू कधी घातलंयस का रे हे अंगावर? एक दिवस तरी?"

वर्तक ओशाळले. एकेक बनियन शिवून, धुऊन, घडी करून ते आठवड्याला बारा वेळा हाताळत होते. घालायचं त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"आधी तू घालून बघ," शाल्मली म्हणाली. "माझी चाळीस पावलं तू शिकून दाखव. जमलं, धडपडला नाहीस, तर शर्यत झाल्यावर मी घालीन. पण शर्यत होईपर्यंत गुदगुली बंद करायची नाही. कबूल?"

त्यांनी कबूल केलं. यंत्राची कळ त्यांच्या हाताशी होती, ती दाबायला एक सेकंद लागला असता. पुढे त्यांना हा सेकंद फार वेळा आठवला.

*

दुसऱ्या दिवसापासून वर्तक बनियन घालू लागले. शाल्मलीची पावलं त्यांच्या पायांच्या लांबीला बेतून घेतली आणि व्हरांड्यात चालायला सुरुवात केली.

पहिल्या दिवशी सारखी थरथर. उजवा पाय उचलला की घोट्यापाशी चकती सांगे, थांब. थोडं थांब. आता टाक. कोणीतरी आपल्या आत उभं राहून आपल्याला हाताने धरून चालवतंय असं वाटे. तिसऱ्या दिवशी थरथर निम्मी झाली. सहाव्या दिवशी त्यांनी ताज्या बर्फावर आपल्या मागचे ठसे पाहिले. उजव्या टाचेचा ठसा डावीच्यापेक्षा खोल होता. ते तिथेच उभे राहिले. तेरा वर्षांपूर्वी प्लास्टर निघाल्यावर याच पावलाने एक मुलगी दवाखान्याच्या पायऱ्या उतरली होती आणि 'बाबा, बघ, दुखत नाही' म्हणाली होती. दुखत असणार. त्या उशिरा पडणाऱ्या पावलात ते दुखणं कुठेतरी राहून गेलं होतं, हे त्यांना आज स्वतःच्या घोट्यात कळलं. त्या पावलाला आपण इतकी वर्षं खोड म्हणत होतो.

नवव्या दिवशी गुदगुली पूर्ण थांबली. यंत्राने पडद्यावर त्यांच्या नोंदीला नाव लावलं : शाल्मली वर्तक.

प्रयोग यशस्वी झाला होता. त्यांनी बनियन काढलं, घडी घातली आणि ते खोलीत फेऱ्या मारू लागले, पूर्वीसारखे. पण पूर्वीसारखं म्हणजे कसं? ते आठवायला गेले तर पाय अडखळू लागले. आपलं चालणं माणसाला आतून कधी माहीतच नसतं. ते इतरांना माहीत असतं. त्यांनी नोंदी उघडल्या आणि मग त्यांच्या लक्षात आलं की सहा मुलांची चाळीस पावलं घेतली, स्वतःची घ्यायची राहिलीच. नेहमीप्रमाणे त्यांनी स्वतःला कशातच मोजलं नव्हतं.

*

दोन मार्चला आभाळ स्वच्छ होतं. शर्यत बघायला पायथ्याशी पन्नासेक माणसं जमली. एकेक मुलगी वळणांच्या लाल-निळ्या दांड्यांमधून उतरत आली. लोकांनी पहिलीला टाळ्या वाजवल्या, दुसरीला जरा कमी. तिसरी उतरली तेव्हा गर्दीत एक विचित्र शांतता पसरली. तेच तेच पुन्हा बघतोय असं वाटून माणूस गप्प होतो, तशी.

शाल्मली चार शतांश सेकंदांनी पहिली आली. तिघींची वळणं सारखी, तिघींचं धाडस सारखं. फरक एकच होता. शाल्मलीचं वजन स्टॅन्झिनपेक्षा दोन किलो जास्त होतं. निवड गुरुत्वाकर्षणाने केली.

बाकी सगळे धावत तिच्याकडे गेले. वर्तक जागेवरच उभे होते. त्यांना दिसलं की शाल्मली थांबली, आणि बरोबर सव्वा सेकंदाने तिने मान डावीकडे वळवून खांद्यावरून मागे पाहिलं. वर उताराच्या टोकाशी. तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. कोणी येतंय का, हे बघणाऱ्या माणसाचा चेहरा होता तो.

"बघा," बिष्ट त्यांच्या कानाशी पुटपुटला. "आता मी पण तिकडे बघायला लागलो साहेब. सवय लागली."

शाल्मलीने शब्द पाळला. त्याच दुपारी तिने उलट्या नमुन्याचं बनियन घातलं आणि ती व्हरांड्यात गेली. वर्तक आतून ऐकत बसले. टप्, टप्, टप्. मधेच अडखळून ठप्. पुन्हा टप्, टप्. तासाभराने ती आत आली. तिचं कपाळ घामाने भिजलं होतं आणि बनियन तिच्या हातात होतं.

"मला नाही जमणार, बाबा."

"नऊ दिवस लागले मला. तासाभरात काय होतंय?"

"तसं नाही." ती शब्द शोधत होती. "हे दुसऱ्याच कोणा मुलीचं चालणं आहे. ती माझ्यात शिरायला बघते असं वाटतं. मला भीती वाटली."

"अगं, ती तू आहेस."

शाल्मलीने स्वतःच्या छातीवर बोट टेकवलं. "आणि मग ही कोण आहे?" तिने अगदी साधेपणाने विचारलं, लहानपणी आकाशातल्या ताऱ्यांची नावं विचारायची तसं. तिने बनियनची नीट घडी केली आणि त्यांच्या टेबलावर ठेवून दिली.

त्या संध्याकाळी त्यांनी यंत्र कायमचं बंद केलं. आता त्याने काही फरक पडणार नव्हता.

*

परदेशातल्या शिबिराला जाण्याआधी शाल्मलीला दोन दिवस घरी राहायचं होतं. आईला आधी कळवायचं नाही, असं तिने ठरवलं. "बाबा, बेल वाजवायची नाही. बघू, ओळखते का." ती हे हसत म्हणाली, पण विमानात तिने तीनदा विचारलं, "ओळखेल ना रे?"

रिक्षा फाटकापाशी थांबली तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. इमारतीत कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. शाल्मली पुढे निघाली. मागून तिची बॅग घेऊन वर्तक. कोणी काही बोलायचं नव्हतं. पहिला मजला, दुसरा मजला. पुढे टप्, टप्, टप्, टप्, मोजूनमापून टाकल्यासारखी पावलं. मागे टप्, आणि मग ठप्. वर्तकांनी पाय बदलून बघितला, आवाज दाबून बघितला. अंगावर ना बनियन होतं ना बटण, तरी उजवं पाऊल आपल्या वेळेलाच पडत होतं.

तिसऱ्या मजल्याच्या वळणावर ते आले आणि वर कडी निघाल्याचा आवाज झाला. बेलच्या आधीच दार उघडलं होतं. मंजिरी उंबऱ्यात उभी होती, हाताला कणीक लागलेली. तिचा चेहरा उजळला होता. शाल्मलीचे डोळे भरून आले, ती दोन पायऱ्या भराभर चढली.

मंजिरीने तिला वाट द्यावी तशी अंग चोरलं आणि तिच्या खांद्यावरून मागे, जिन्याकडे दोन्ही हात पसरले.

"आलीस का गं शालू! फाटकापासून ऐकतेय मी तुला." मग आवाज जरा खाली आणून, परक्या माणसासमोर बोलतात तसं, ती म्हणाली, "आणि तुझ्याबरोबर हे कोण आलंय? आत तरी बोलव त्यांना. बाबा कुठे राहिला?"

शाल्मली जागच्या जागी थांबली. क्षण गेला, सव्वा क्षण गेला, आणि तिची मान डावीकडे वळली. खांद्यावरून तिने मागे पाहिलं. या वेळी मागे कोणीतरी होतं.

वर्तकांचा उजवा पाय पायरीच्या वर अधांतरी होता. तो खाली टेकला की मंजिरीला पुन्हा ऐकू येणार होतं. म्हणून त्यांनी तो तसाच धरून ठेवला.